शिकागोची पट्टी

मे महिना आला की ही पट्टी शिकागोत कामाला लागते. बास्केटबॉलचे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टआधी निवडक होतकरू मुलं तिथे कंबाइन या चाचणीला जमतात आणि तिच्यासमोर अनवाणी उभी राहतात. टाचा जमिनीवर, पाठ ताठ, हात सरळ वर. ती पाव इंचापर्यंत बघते. कॉलेजच्या माहितीपत्रकात सात फुटी म्हणून मिरवलेला सेंटर बूट काढून तिच्यापाशी आला की इंचभर तरी बहुधा तिथेच गळतो. ती कुणाचा पाणउतारा करत नाही. कुणाच्या कौतुकाला भुलायची तिला सवय नाही, एवढंच.

मला ती आवडते ती एका गोष्टीसाठी: ती डोक्यापाशी थांबत नाही. नुसत्या उंचीत लांब मानही मोजली जाते, आणि चेंडू अडवायचा असतो हातानं. म्हणून ती वर केलेला हात मोजते, दोन्ही बाजूंना पसरलेले हात बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत मोजते. 2012 मध्ये मिशिगन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन तिच्यापुढे आला. उंची साडेसहा फुटांना पाव इंच कमी, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्यांत बुटकाच. पसरलेले हात मात्र सात फुटांच्याही वर. तिनं जे होतं ते सांगितलं होतं, संघांनीच मनावर घेतलं नाही. ग्रीन 35व्या क्रमांकापर्यंत ताटकळला आणि 2017 मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

कधी उलटही होतं, तिच्या आकड्यांना लोक नको तेवढे भाळतात. टांझानियाचा हशीम थाबीट कनेक्टिकट विद्यापीठाकडून खेळायचा, उंची सात फुटांच्या कितीतरी वर. 2009 मध्ये मेम्फिसनं त्याला दुसऱ्याच क्रमांकावर उचललं. जेम्स हार्डन तिसरा गेला, स्टीफन करी सातवा. पहिल्याच मोसमात थाबीटला खालच्या लीगमध्ये धाडावं लागलं. हा दोष मी पट्टीच्या माथी मारणार नाही. तिला हाडं कळतात, पायांचं तिला विचारूच नये.

आणि उंच मुलाचं घोडं बहुतेक वेळा पायांतच अडतं. कॉलेजात तो बचाव करताना बास्केटखाली ठाण मांडू शकतो. एनबीएत जवळ अडवायला कुणी नसेल, तर तीन सेकंदांच्या वर तिथे थांबता येत नाही. तीन गुणांची रेषाही लांब: कॉलेजात 6.75 मीटर, एनबीएत समोरून 7.24. प्रतिस्पर्ध्यानं आडवं उभं राहून स्क्रीन लावला की या मुलानं तिथवर बाहेर यायचं, चपळ गार्डसमोर गुडघे वाकवून आडवं सरकायचं आणि पास सुटताच वळून पुन्हा रिम गाठायची. पहिली उडी फसली तर दुसरी लगेच घ्यायची. व्यावसायिक सेंटरची भाकरी या चार-पाच पावलांवर असते. भिंतीपाशी स्तब्ध उभ्या असलेल्या मुलात ती पावलं दिसणार कशी?

2019 मध्ये सेनेगलहून आलेला, सेंट्रल फ्लोरिडाचा टॅको फॉल तिच्यासमोर उभा राहिला. अनवाणी सात फूट सव्वापाच इंच. हात वर केला तर दहा फूट अडीच इंच, आणि रिम असते दहा फुटांवर. टाच न उचलता त्याचा हात रिमच्या वर जात होता. एवढा मोठा आकडा तिनं त्याआधी कधी दिला नव्हता. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये 60 नावं पुकारली गेली, त्यांत फॉलचं नाव नव्हतं.

म्हणून पुढच्या मे महिन्यात शिकागोचे आकडे वाचाल, तेव्हा उंचीच्या रकान्यावर अडकू नका. वर केलेल्या हाताचा आकडा बघा, पसरलेल्या हातांचा बघा, त्यांवर विश्वास ठेवा. मग त्या मुलाचा एखादा अटीतटीचा सामना पूर्ण बघा, आणि चेंडू दुसऱ्याकडे असेल तेव्हाही नजर त्याच्याच पायांवर ठेवा.