सायकलवरून महेश्वर : माळव्याचा चढ, निमाडचा उतार

इंदूरहून महेश्वरला आपण सगळेच गेलेलो आहोत. पाहुणे आले की एक दिवस महेश्वर ठरलेलंच. सकाळी गाडीत बसायचं, दुपारी नावेतून फिरायचं, येताना साडी घ्यायची आणि रात्री जेवायला घरी. मी असा निदान वीस वेळा गेलो असेन. पण वाटेत काय आहे, असं कोणी विचारलं असतं तर ‘काही नाही, शेतं आहेत’ यापुढे मला काही सांगता आलं नसतं. गेल्या डिसेंबरात भाच्याबरोबर सायकलवरून गेलो आणि हे उत्तर किती अपुरं होतं ते कळलं.

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आला तो जरा गप्पच होता. तिथली मुलं त्याच्या मराठीला हसतात. हा ‘सरांशी विचारतो’ म्हणाला की सगळा वर्ग वळून बघतो. एका रात्री म्हणाला, ‘‘मामा, तिथे मी इंदूरचा आणि इथे आपण महाराष्ट्रीयन. मग आपण नक्की कुठले?’’ माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. दोघांकडे सायकली होत्या आणि दोन दिवस मोकळे होते. तेवढ्या भांडवलावर निघालो.

सपाट न निघालेला माळवा

सकाळी सहाला, दिवे लावून, अंधारातच घर सोडलं. राऊवरून महूपर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर रहदारीचे आहेत, ते लवकर उरकलेले बरे. महू म्हणजे आताचं डॉ. आंबेडकर नगर. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तो इथल्याच छावणीत. जन्मभूमी स्मारकाला बाहेरूनच नमस्कार केला, टपरीवर पोहे-जिलबी घेतली, पोह्यांवर जिरावण जरा जास्तच मारून घेतलं आणि मंडलेश्वरच्या रस्त्याला लागलो.

इथून खरी मजा सुरू होते. गाडीतून जाताना माळवा सपाट वाटतो, पण पॅडल मारणाऱ्याला तो सपाट नसल्याचं पहिल्या दहा मिनिटांत कळतं. एक लांबट, दमवणारा पण न रडवणारा चढ, मग तेवढाच उतार, उताराच्या तळाशी नाला आणि छोटा पूल, की पुन्हा चढ. बहुतेक गावं उंचवट्यावर दिसतात आणि शेतं उतारांवर पसरलेली. काळी माती पावसाळ्यात कसा चिखल करते हे ज्याने पाहिलंय त्याला याचं कारण सांगायला नको. डिसेंबरात गव्हाची कोवळी हिरवी पाती, हरभरा, लसूण, बटाट्याचे वाफे आणि त्यांवर तरंगणारं धुकं. कानांना फक्त चेनचा आवाज, मधूनच एखादा मोर आणि विहिरीवरच्या मोटरची घरघर.

ही काळी माती बेसॉल्ट खडकाची आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे जे थर सह्याद्रीत दिसतात, तेच नर्मदा ओलांडून माळव्यापर्यंत पसरले आहेत. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘‘म्हणजे माती तरी एकच आहे.’’

बडगोंद्याच्या पुढे गावाकडे जाणारी एक कच्ची वाट मोहात पाडून गेली आणि त्या मोहाची शिक्षा म्हणून बाभळीचा काटा त्याच्या मागच्या चाकात शिरला. नवी ट्यूब होती, पण पंपाचा वॉशर गेलेला. सायकल ढकलत मुख्य रस्त्यावर आलो. मोटारसायकली दुरुस्त करणारे एक काका दुकान उघडतच होते. त्यांनी हवा भरून दिली आणि मालवीत विचारलं, ‘‘कां जई रिया हो?’’ भाच्याने महेश्वर सांगितलं आणि का कोण जाणे, आपण महाराष्ट्रीयन असल्याचंही सांगून टाकलं. काकांनी चाक दाबून बघत म्हटलं, ‘‘तो कईं हुयो? हो तो इंदोर का ज.’’ दहा रुपये घेतले आणि आपल्या कामाला लागले.

पाणी कुणाचं, घाट कुणाचा

महूपासून पुढे रस्ता हळूहळू चढत जातो आणि जामजवळ पठार एकदम संपतं. त्या कडेवर उभा आहे जाम दरवाजा. अहिल्याबाईंनी १७९१च्या सुमारास बांधलेली ही दगडी वेस. राजधानी महेश्वरला, तिथून माळव्यात यायचं तर विंध्य चढणं भाग, आणि त्या वाटेच्या माथ्यावर हा दरवाजा. त्याच्या कमानीतून दक्षिणेला बघितलं की खाली निमाड पसरलेलं दिसतं.

इथे थांबून मी भाच्याला एक गंमत सांगितली. नर्मदा इतकी जवळ, पण माळव्याचं पाणी तिच्याकडे पाठ फिरवून वाहतं. क्षिप्रा, गंभीर, चंबळ सगळ्या उत्तरेला जातात. चंबळ तर महूजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावते, यमुनेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. याच डोंगररांगेत दक्षिणेच्या अंगाला पडलेला थेंब मात्र नर्मदेतून अरबी समुद्राला मिळतो.

आणि आपण? आपण नर्मदा उतरून, विंध्य चढून, दक्षिणेकडून आलो. २९ नोव्हेंबर १७२८ला चिमाजीअप्पांच्या फौजेने आमझेऱ्याची लढाई जिंकली आणि माळव्याचं दार उघडलं. पुढे होळकर, शिंदे, पवारांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार आले. आपल्या घरांतून ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावी. पण सायकलवर त्या शेतांमधून चार तास घालवल्यावर दुसरी बाजूही मनात येते. चौथाई आणि सारा ज्या मातीतून वसूल झाला, ती ही माती. आपले वाडे, आपली संस्थानी नोकरी, आपली नाट्यमंडळं, सगळं या काळ्या रानावर उभं राहिलं. आणि तीनशे वर्षांनंतरही मला वाटेतल्या गावांची नावं पाट्या वाचूनच कळत होती. अहिल्याबाई इथल्या खेडुताच्या तोंडी आजही आहेत त्या काही नुसत्या वसुलीसाठी नाहीत. त्यांनी विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या म्हणून आहेत.

भाचा बराच वेळ कमानीखाली बसून होता. मी मुद्दाम काही विचारलं नाही.

उतार

जामचा घाट सायकलवरून उतरणं हा आनंद आहे आणि परीक्षाही. वळणं अचानक येतात. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, दाबून-सोडून वापरायचे. सतत दाबून धरले तर रिम तापते. खाली पोचलो तर हवाच बदललेली. स्वेटर काढावे लागले. गव्हाऐवजी कापूस, वेचणीला बायका, मिरचीची शेतं. बोलीही मालवीची निमाडी झाली. मंडलेश्वरला नर्मदेचं पहिलं दर्शन झालं आणि ऊन उतरायच्या आत महेश्वर. एकूण नव्वदच्या आसपास किलोमीटर.

महेश्वरबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? एवढंच सांगतो की पाय गळून गेलेले असताना घाटाच्या पायरीवर बसून नर्मदेत पाय सोडण्याची सर नावेतल्या फेरीला नाही. अहिल्याबाईंची साधी गादी, १९७९ साली सुरू झालेल्या रेहवा सोसायटीतले हातमाग, हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत बघितलं.

परतीचा चढ

परत येताना खरी कसोटी लागली. नर्मदाकाठ समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटरवर आणि इंदूर सुमारे ५५०. त्यात मधल्या विंध्याचा माथा इंदूरहूनही उंच. घाटाच्या मध्यावर दोघेही उतरून सायकली ढकलत होतो. एका मोरीच्या कठड्यावर बसलो. दोघांत मिळून अर्धी बाटली पाणी उरलं होतं.

तेव्हा सांगितलं, की मंडलेश्वरजवळ जलूद नावाचं गाव आहे. तिथून पंपांनी नर्मदेचं पाणी उचलून, हा विंध्य ओलांडून, सुमारे ७० किलोमीटरवर इंदूरला आणतात. १९७८पासून. त्याआधी शहराने पाण्यासाठी आंदोलन केलं होतं. भाच्याने वर उरलेल्या वळणांकडे पाहिलं, मग हातातल्या बाटलीकडे. म्हणाला, ‘‘एवढं चढून ते आपल्या टाकीत येतं? आणि आपली टाकी रोज सकाळी वाहते, मामा.’’ आमची टाकी खरंच वाहत होती. बॉल-कॉक बदलायचं गेले सहा महिने मी पुढे ढकलत होतो.

संध्याकाळी दिवे लावून घरी पोचलो. भाच्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का, ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी बॉल-कॉक मात्र त्यानेच आणून बसवला. पुण्याला परतल्यावर आठवड्याभराने फोन आला, की होस्टेलवरच्या चार मित्रांना पुढच्या डिसेंबरात जाम दरवाजा दाखवायला आणतोय. ‘‘सायकली मात्र तुला जमवाव्या लागतील.’’

जाणार असाल तर

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात जाम सुंदर दिसतो, पण धुकं, निसरडा रस्ता आणि रविवारची गर्दी, तिन्ही सायकलला वाईट. गिअरची साधी सायकल पुरते. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, दोन ट्यूब आणि आधी तपासलेला पंप हवाच. पहिल्यांदा चार-पाच जणांनी मिळून जा आणि अंधाराच्या आत घाट ओलांडा. सवय नसेल तर आधी महूपर्यंत जाऊन परत या, मग जामपर्यंत. पाणी घाटाच्या पायथ्याशी भरून घ्या. आणि वाटेतल्या गावांत थोडं थांबा, बोला. मालवी येत नसेल तरी चालेल.