आबांची पद्मिनी, १:२४

सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांचे बग्ज. शनिवारी शेणव्याला, घराच्या पडवीत, माझा एकच प्रोजेक्ट: प्रीमियर पद्मिनी, १:२४. म्हणजे बंपर ते बंपर जेमतेम १६ सेंटीमीटर. आबा मुंबईत हीच टॅक्सी चालवायचे.

टपाचा पिवळा रंग आधी मारायचा, टेपने झाकायचा, मग काळा. उलटं केलंत तर काळ्यावर पिवळा बसतच नाही, शेवाळी दिसतो. (तीनदा करून झालंय!) त्यात शेणव्याचा जुलै. हवा इतकी दमट की स्प्रेवर दुधासारखी पांढरी झाक येते. काळा मारायला ऑक्टोबर उजाडला.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदली गेली. २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही गेली. आबांनी बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला. बस्स.

परवा मात्र चष्मा लावून मॉडेल हातात घेतलं. "गियर खाली कुठून आला रे? स्टिअरिंगला होता." मग बराच वेळ खिडकीतून आत बघत बसले. "आणि मीटर बाहेर, डाव्या हाताला."

टप चिकटवून झाला होता. ब्लेडने परत काढलाय. आता टाचणीचा गियर करतोय.