लिटरला किती पडते?

नवी बाइक दारात उभी राहिली की बघायला आलेला माणूस आधी काय विचारतो? रंग नाही, सीसी नाही. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ त्यामुळे दादाने दिवाळीत जेट बोट घ्यायचं जाहीर केल्यावर आमच्या कुंडलच्या घरात हाच प्रश्न पहिला आला, यात नवल नाही. नवल हे की दादाकडे उत्तर नव्हतं. हिंजवडीत टीम लीड असलेला, एक्सेलशिवाय भाजीही न आणणारा माझा चुलतभाऊ म्हणाला, ‘‘बोटीला कोण अ‍ॅव्हरेज विचारतं गं?’’

प्लॅन ऐकायला झकास होता. सेकंडहँड, चालक धरून पाच जणांची, दीडशे हॉर्सपॉवरची बोट. वीकेंडला कृष्णेत औदुंबर-भिलवडीच्या बाजूला राइड्स, आणि पूर आला तर गावांसाठी मदत. नोकरीला रामराम. पैसे? काकांच्या नावावरचं वीस गुंठे रान. इथे सगळे गप्प झाले. काकू चहाचे कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

काका मात्र चिडले नाहीत. त्यांची अख्खी नोकरी किर्लोस्करवाडीच्या पंपांच्या कारखान्यात गेली. (आपलं कुंडल म्हटलं की लोकांना प्रतिसरकार आठवतं, बरोबरच आहे. पण १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना मांडला, तेव्हा शेजारच्या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं, हेही आम्ही पाहुण्यांना ऐकवतोच.) काकांनी दादाच्या लॅपटॉपवर बोटीचं चित्र पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘आरं, ही होडी कुटं हाय? हा पंपच की! पाणी वर चढवायच्या ऐवजी मागं फेकतोय एवढंच.’’

अगदी तसंच आहे. बोटीच्या तळाला जाळी असते, तिच्यातून पाणी आत ओढलं जातं, आत पंखा फिरतो आणि निमुळत्या तोंडातून धार मागे सुटते. बाहेर पंखा नाही म्हणून उथळ पाण्यातही चालते. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात ही बोट तिथल्या उथळ, खळाळत्या नद्यांसाठीच घडवली. एडमंड हिलरी १९७७ मध्ये अशाच तीन बोटी घेऊन गंगासागरपासून गंगेच्या उलट दिशेने थेट नंदप्रयागच्या परिसरापर्यंत गेले होते. दादाच्या डेस्कटॉपवर तोच फोटो आहे.

पण काकांचं म्हणणं वेगळं. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात जाते, बरोबर? बोट हळू चालली असेल तर एवढ्या वेगाने फेकलेल्या पाण्याबरोबर इंजिनाची ताकदही वाहून जाते. बोटीचा वेग वाढून धारेच्या वेगाच्या जवळ येतो, तसा हा तोटा कमी होतो. म्हणून हळू चालण्यात जेट साध्या पंख्यापेक्षा जास्त पेट्रोल पिते. त्यातही सगळ्यात वाईट अवस्था मधली, म्हणजे नाक वर करून बोट पाणी नांगरत असते ती. तिथून ती पाण्यावर चढली, सपाट झाली, की जरा श्वास घेते.

मग आम्ही कागद घेतला. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चाललं तर एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण पाव ते एक तृतीयांश लिटर लागतं. म्हणजे दीडशेला चाळीस ते पन्नास लिटर. साठ लिटरची टाकी सव्वा-दीड तासात खलास! निम्म्या जोरात, ताशी चाळीसच्या आसपास धरली, तर तासाला वीस लिटर. म्हणजे लिटरला दोन किलोमीटर. आपली साधी बाइक साठ देते, हे काकांनी उगाचच तीनदा सांगितलं.

पेट्रोल शंभरच्या वर. पंधरा मिनिटांच्या राइडला, मुलं ‘फास्ट, फास्ट’ ओरडणारच, आठ-दहा लिटर सहज. चार पर्यटक, प्रत्येकी अडीचशे रुपये नुसतं पेट्रोल. दादाने एक्सेलमध्ये तो रकाना लाल केला.

खरी गंमत पुढे आहे. बोटीवाल्यांचा जुना नियम सांगतो, टाकीचा एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. पण नदीला ओढ असते. समजा, ओढ ताशी आठ किलोमीटरची. खालच्या अंगाला वीस लिटरमध्ये तासभर गेलात तर अठ्ठेचाळीस किलोमीटर होतात. परत येताना वेग बत्तीसवर येतो, दीड तास लागतो, तीस लिटर जातात. राखीवातलं निम्मं गेलं. पेट्रोल तासावर जळतं, अंतरावर नाही. म्हणून पहिली फेरी नेहमी ओढीच्या विरुद्ध.

पुराचं बोलणं निघालं तेव्हा कागदावर कोणी लिहीत नव्हतं. ब्रह्मनाळ आमच्याच पलूस तालुक्यातलं. ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट तिथे उलटली, माणसं गेली. कोल्हापूरजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी पेट्रोल आणणार कुठून? जेटला बाहेर पंखा नाही, पाण्यातल्या माणसाला धोका कमी, हा दादाचा मुद्दा खराच होता. पण पुराबरोबर जलपर्णी येते, उसाचं पाचट येतं, पिशव्या येतात. जाळी तुंबली की इंजिन नुसतं ओरडतं, बोट जागची हलत नाही आणि पेट्रोल मात्र जात राहतं. ‘‘आन् तवा बोटीत कोन बसलेलं असंल?’’ काकांनी विचारलं. दादा बराच वेळ स्क्रीनकडेच बघत होता.

मला विचाराल तर राइड्ससाठी साठ हॉर्सपॉवरची आऊटबोर्ड बोट बरी, थ्रिल थोडं कमी, पण हप्ते तरी भरता येतील. दादाला हे पटलेलं नाही. त्याने रान विकायचं सध्या थांबवलंय, एवढं मात्र झालं. आता त्याने बोटवाल्याला अट घातलीय: ट्रायल मोकळ्या बोटीची नाही. चार माणसांच्या वजनाची खताची पोती ठेवून, आधी उलट्या दिशेने अर्धा तास, मग परत, आणि टाकी कॅनने मोजून भरायची. बोटवाला हसला म्हणे. काकांनी कॅन धुऊन ठेवलाय, वीस लिटरचा, लिटरच्या खुणा स्वतः करून.