लीबोविट्झच्या मठात पुन्हा

वॉल्टर मिलर या अमेरिकन लेखकाने आपल्या हयातीत एकच कादंबरी प्रसिद्ध केली. 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ', म्हणजे लीबोविट्झचे स्तोत्र, हे तिचे नाव. १९५५ ते १९५७ या काळात तीन दीर्घकथा म्हणून ती एका मासिकात आली, १९५९ साली ग्रंथरूप झाली आणि १९६१ साली विज्ञानकथांसाठीचा ह्युगो पुरस्कार तिला लाभला. सेमिनरीच्या ग्रंथालयात तत्त्वज्ञानाच्या जाडजूड खंडांच्या शेजारी ती कशी येऊन पडली होती कोण जाणे! विज्ञानकथा म्हणजे यंत्रमानव आणि उडत्या तबकड्या, अशी आम्हा विद्यार्थ्यांची समजूत. हिच्यात तर लॅटिन प्रार्थना म्हणणारे मठवासी होते. मी ती झपाटल्यासारखी वाचली. यंदाच्या प्रायश्चित्तकाळात तीच पुन्हा हाती घेतली.

कथानक थोडक्यात असे. अणुयुद्धाने जग बेचिराख झाले आहे. वाचलेल्या जमावाने या संहाराचे खापर विद्वानांवर फोडून त्यांना ठार मारले, ग्रंथ जाळले. लीबोविट्झ नावाचा एक यहुदी विद्युत-अभियंता ख्रिस्ती होतो, धर्मगुरू होतो आणि ग्रंथ लपवून वाचविणाऱ्यांचा एक संघ स्थापून अखेर रक्तसाक्षी होतो. सहाशे वर्षांनंतर वाळवंटातील त्याच्या मठात फ्रान्सिस नावाचा एक भोळा उमेदवार उपवास करीत असताना त्याला एका भुयारात लीबोविट्झचे कागद सापडतात. त्यांत एक यंत्राचा निळा आराखडा असतो आणि बाजारातून काय काय आणायचे याची एक साधी चिठ्ठी! मठात दोन्ही पवित्र अवशेष ठरतात.

फ्रान्सिस पंधरा वर्षे त्या आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीची नक्कल करीत बसतो. आराखडा कशाचा, हे त्याला ठाऊक नसते. पुढे न्यू रोमच्या वाटेवर लुटारू ती देखणी नक्कल हिसकावून नेतात आणि मळकट मूळ प्रत त्याच्यापाशीच राहते. पोप महाशय त्याला समजावतात की, तुझ्या पंधरा वर्षांच्या श्रमांनीच मूळ वाचले. विशीतल्या मला हा प्रसंग इतका भावला होता की व्रतस्थ जीवनाचा सगळा अर्थ मला त्यात दिसे.

या कल्पनेचे मूळ लेखकाच्या आयुष्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात मिलर बॉम्बफेकी विमानात रेडिओचालक व मागचा तोफची होता. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी मोन्ते कासिनोचा मठ ज्या हल्ल्यात उद्ध्वस्त झाला, त्यात त्याचे विमान होते. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात उभारलेला हा मठ. तेथील हस्तलिखिते काही महिने आधीच रोमला हलविण्यात आली होती म्हणून वाचली. मठात आसऱ्याला आलेली माणसे मात्र दगडांखाली गेली. युद्धानंतर १९४७ साली मिलर कॅथलिक झाला. (मठ पुन्हा बांधला गेला आणि १९६४ साली पोप पॉल सहावे यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले.)

आता पन्नाशीत फ्रान्सिसपेक्षा तिसऱ्या भागातील मठाधिपती झेर्की मला अधिक वेळ थांबवून धरतो. जगावर पुन्हा अणुबॉम्ब पडू लागले आहेत. किरणोत्साराने भाजलेली एक आई आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन सरकारी छावणीकडे निघाली आहे. असाध्य रुग्णांना तेथे कायदेशीर, वेदनारहित मरण मिळते. झेर्की तिला गाडीत घेतो, विनवितो, बजावतो, लहानपणी स्वतःच्या जखमी मांजराला मारले होते त्याची कहाणी सांगतो. पोलीस गाडी अडवितात, आई छावणीकडे जाते आणि झेर्की डॉक्टरच्या तोंडावर ठोसा लगावतो.

सेमिनरीत आम्ही या ठोशाला टाळ्या वाजविल्या असत्या. त्यानंतर किती खाटांशेजारी बसलो, याची गणती नाही. कर्करोगाने पोखरलेली एक माऊली मला दर शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर विचारी, "फादर, देव मला विसरला का हो?" तिला वादात हरविण्यासारखे काही नव्हते. झेर्कीचे तत्त्व माझेही तत्त्व आहे. जीव घेण्याचा अधिकार ना डॉक्टरचा, ना आईचा. परंतु झेर्की त्या स्त्रीशी बहुतांशी आज्ञेच्या भाषेत बोलतो. १९५७ साली, ज्या वर्षी मिलरचा हा भाग छापला गेला त्याच वर्षी, पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांना सांगितले होते की असाधारण उपायांनी आयुष्य ताणण्याचे बंधन नाही आणि वेदनाशामक औषध देणे धर्मबाह्य नाही, मग त्याने आयुष्य थोडे घटले तरी. व्हेंटिलेटर काढावा का, असे विचारणाऱ्या कुटुंबांना मी आजही हेच सांगतो. आपल्या घरांत पुष्कळांना वाटते की ख्रिस्तसभा निव्वळ 'नाही' म्हणते.

अखेरीस झेर्की स्वतः ढिगाऱ्याखाली दबतो. हाती ख्रिस्तप्रसादाचे पात्र आणि कमरेखाली दगड. तेथे त्याला आपलेच शब्द स्वतःच्या देहावर पारखून घ्यावे लागतात. ही पाने मी या वेळी फार सावकाश वाचली.

कारण मिलरचा शेवट आता मला माहीत होता. १९९५ साली त्याची पत्नी वारली आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याने स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. इच्छामरणाविरुद्ध इतके प्रखर प्रकरण लिहिणारा हा माणूस! काही समीक्षक यावरून त्याच्या ग्रंथाला पोकळ ठरवू पाहतील. मला तसे वाटत नाही. त्या प्रकरणातील कळकळ दारापलीकडचा काळोख पाहिलेल्या माणसाची आहे. आणि स्वतःचे जीवन संपविणाऱ्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, असे आपल्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. आत्महत्या झालेल्या घरी जाताना मी ते पान सोबत नेतो.

नोव्हेंबरमध्ये वेदीपाशी मृतांच्या नावांची पाकिटे ठेवली जातात. यंदाच्या माझ्या पाकिटात आई-वडिलांच्या नावांखाली वॉल्टर हे नाव असेल.