पिवळं कार्ड आणि औषधाची खिडकी

सरकारी औषध मोफत कोणाला मिळतं, यावर लिहा, असं संपादकांचं फर्मान आलं. प्रस्तुत लेखकाची उमेद औषधाच्या खिडकीआड सरली असल्यामुळे त्याचं उत्तर तयार होतं: सर्वांना. पण दिवाळी अंकाला एका शब्दाचा लेख चालत नाही, आणि शिरपूरच्या ओपीडीत तो शब्द पुरतही नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषधं सगळ्यांनाच निःशुल्क झाली. त्याआधी सवलतवाल्यांच्या याद्या होत्या. याद्या गेल्या, धास्ती उरली. तापीकाठची एखादी म्हातारी अजून रांगेबाहेरच थांबते. का, तर "भाऊ, मनाजोडे पिवळं कार्ड नही शे." कार्ड लागत नाही म्हटलं, तर तिला औषधाचीच शंका येते. फुकटची गोळी लागू पडेल कशी? गावात नावाजलेलं फार्मसी कॉलेज आहे, तरी मेटफॉर्मिन ती मेटफॉर्मिनच, हे अजून गळी उतरत नाही.

आता थोडं किचकट. पण हा मुद्दा लेखक सोडणार नाही. शिरपूरचं उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. 2023 चा निर्णय निघाला तो पहिल्या विभागापुरता. म्हणजे शिरपूरहून धुळ्याला पाठवलेला रुग्ण तोच, आजार तोच, सरकारही तेच. महामार्गावर तासभर गेला की खातं बदललं. ही मेख कोणत्या भाषणात ऐकू येते?

त्यात जनआरोग्य योजनेचा घोळ. राजीव गांधींच्या नावाने 2012 मध्ये ती पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. त्यामुळे इकडे 'योजना' हा शब्द मुरलेला. आता ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते आणि लोक "पाच लाखांचं कार्ड" घेऊन रक्तदाबाची गोळी मागायला येतात. अहो, ती योजना भरती होऊन घ्यायच्या उपचारांची! ओपीडीतल्या महिन्याच्या गोळ्यांशी तिचा संबंध नाही. क्षयरोगाच्या गोळ्यांना मात्र पूर्वीपासून कोणी कार्ड विचारत नाही.

पावरा म्हातारीला वाचता येत नसेल, तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायचे. पट्टी कापताना मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राखायचा. या कामाला शासन निर्णय लागत नाही, पट्टी लागते.

आणि पट्टीच नसली तर? तामिळनाडूने औषधखरेदीचं महामंडळ 1994 मध्ये काढलं. महाराष्ट्राने खरेदी आधी हाफकिनकडे दिली, मग 2023 मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. साठा संपला की स्थानिक खरेदी करायची. तीही अडली, की रुग्ण मेडिकलवरून किंमत विचारून परत येतो आणि भांडतो: फुकट म्हणाले होते ना? त्याला प्राधिकरण, निविदा आणि पुरवठादार समजावायचे खिडकीआडच्याने, आणि मागे रांग खोळंबलेली असते.