हिरड्याचं भाकड साल

भीमाशंकरच्या डोंगरात, आमच्या आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, वैशाखात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "औंदा हिरडा कसाय?" भात पिकतं ते पोटापुरतं. मीठमिरची, कापडचोपड, लग्नकार्य, सगळं हिरड्यावर. आत बी धरायच्या आधी, कोवळाच तो तोडायचा, उन्हात काळा होईस्तोवर वाळवायचा आणि व्यापाऱ्याला घालायचा. हा बाळहिरडा. औषधाला जातो.

मी सातवीत होतो त्या साली हिरडा असा लागला की फांद्या वाकल्या. पंधरा दिवस आम्ही घरी फक्त झोपायला यायचो. बाबा आणि चुलता वर चढून आकडीनं फांद्या ओढायचे. खाली आई, ताई आणि मी वेचायचो. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वाळून बारा पोती भरली. व्यापाऱ्यानं वजन केलं आणि आपणहून म्हणाला, "पुढल्या सालाची उचल घेऊन ठेवा की." बाबांनी घेतली. पुढच्या वैशाखात ताईचं लग्न धरलं होतं.

आजा ओट्यावर बसून बघत होता. म्हणाला, "झाडानं सांगितलंय का तुला, पुढल्या साली बी देतो म्हणून?" बाबा नुसते हसले.

पुढच्या फाल्गुनात पालवी फुटली, पण तुरे कुठं कुठं, विरळ. जे आले त्यांच्यावर आभाळ धरलं, दोन दिवस अवकाळी बरसला, आणि फुलं झाडाखाली चिखलात पडली. वैशाखात दीड पोतं भरेना. बाबांनी रागानं एका बुंध्यावर कोयता मारला. "फुकटची जागा धरून बसलंय."

आजा म्हणाला, "गाय बारा महिने दूध देती का रं? तिला भाकड काळ असतो, मग झाडाला नको? गुदस्ता पाक पिळून घेतलंस की त्याला."

आजाचा एक रिवाज होता. कितीही ओढ असली तरी प्रत्येक झाडाच्या शेंड्याचे घोस तोडायचे नाहीत. "ते झाडाचं," म्हणायचा. ते घोस थंडीत पिकायचे आणि आपसूक गळायचे. त्या साली बाबांनी मला वर चढवलं, कारण मी अंगानं हलका. "शेंड्याचं बी काढ." मी काढलं. आजा तोंड फिरवून घराकडं निघून गेला. त्यातून भरली ती एक पाटी. उचल फिटली नाहीच. ताईचं लग्न डांगी बैलजोडी विकून झालं, आणि त्या पावसाळ्यात आम्ही दुसऱ्याच्या बैलांवर चिखलणी केली.

पुढं कॉलेजात गेलो तेव्हा आजाच्या बोलण्याचा उलगडा पुस्तकांत सापडला. झाड फळ धरतं ते बरंचसं साठवणीवर. भरघोस साली खोडामुळांतलं पीठूळ अन्न खर्ची पडतं, मग पुन्हा साठा होईपर्यंत फुलं कमी. त्यात फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस झाला की माश्या उडत नाहीत, पराग धुऊन जातो, फळ धरत नाही. हे झालं एका झाडाचं. पण कित्येक जंगलांत एकाच जातीची सगळी झाडं मिळूनच एखादं साल भरभरून बी देतात आणि मधली सालं जवळजवळ रिकामी ठेवतात. आमच्या घरांच्या कुडाला लागणारी कारवी तर सात-आठ वर्षं थांबते, मग डोंगरच्या डोंगर एकदम फुलवते, बी टाकते आणि मरते.

याचं एक कारण डॅनिअल जँझेन या अमेरिकन अभ्यासकानं १९७० च्या दशकात मांडलं. दर साली सारखं बी पडलं तर त्यावर जगणारे उंदीर, खारी, किडे तेवढेच पोसले जातील आणि सगळं फस्त करतील. रिकाम्या सालांत त्यांची उपासमार होते, संख्या घटते. मग भरीच्या साली इतकं बी पडतं की ते खाऊन खाऊन थकतात, आणि उरलेलं रुजतं. हा हिशोब किती मोठा असतो ते मिझोरमला विचारावं. तिथं साधारण ४८ वर्षांनी बांबू फुलतो. १९५९ मध्ये त्या बियांवर उंदीर इतके माजले की बी संपल्यावर ते शेतात शिरले आणि दुष्काळ पडला.

हे वाचलं आणि मला ते शेंड्याचे घोस आठवले. उंदराचं पोट भरतं, तो थांबतो. आमचं तसं नाही. आम्ही तर बी तयार व्हायच्या आतच तोडतो, म्हणजे भरीचं साल असो की भाकड, जमिनीला मिळायचं ते शेंड्यावरचंच. झाडाचं रिकामं साल म्हणजे त्याची तयारी. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र सगळी सालं सारखीच. आज ओढ्याकाठी आमची जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांच्या खाली बोटाएवढंही हिरड्याचं रोप नाही. देवराईत, जिथं कुणी कोयता नेत नाही, तिथं दिसतात थोडी.

मागच्या वैशाखात माझा पोरगा शेंड्याकडं सरकायला लागला.

"खाली ये," मी म्हणालो.

"बाबा, वर लई हाय."

"असू दे. ते झाडाचं."

आजासारखा मी झालो असं म्हणवत नाही. उचल मीही दोनदा घेतली आहे. त्या साली कोवळी पानंसुद्धा मोजत झाडाखाली उभा राहिलोय. पण शेंड्याला पुन्हा हात लावला नाही.