नॉर्वेतील लांबलेली मावळती

बार्शीच्या एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी नॉर्वेच्या प्रवासाची बोलणी सुरू झाली, तेव्हा तिकिटांच्या दराआधी एक निराळाच प्रश्न उभा राहिला. घरातील आजींचे वय एकाहत्तर. चौविहाराचा त्यांचा नियम चाळीस वर्षे अखंड चाललेला. नात बर्गन शहरात नोकरीला. तिच्याकडे महिनाभर जाऊन राहावे, ही मुलाची इच्छा. परंतु जून महिन्यात तेथे सूर्य रात्री अकरानंतर मावळतो, हे कळताच आजींनी विचारले, "मग तिथे जेवायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा?"

धाकटा नातू म्हणाला, "आजी, तिथे रात्री दहालाही ऊन असते. खुशाल जेवा, दोष कसला?" सारे हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांनी महाराजसाहेबांना विचारले आणि आपल्यापुरती मर्यादा ठरवली. बार्शीत जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो. बर्गनच्या घड्याळात साडेसहा वाजले की तोंड बंद. देशाच्या उत्तर टोकाकडील ट्रॉम्सो येथे तर साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही. तेथे जाणाऱ्याला हा प्रश्न अधिकच पडेल. म्हणून ज्यांचे नियम आहेत, त्यांनी आपापल्या गुरुमहाराजांना विचारून ते घरूनच ठरवून निघावे. परमुलखात, भुकेल्या पोटी घेतलेला निर्णय बहुधा पोटाच्याच बाजूने लागतो.

बाकीची तयारी मुलाने व्यापाऱ्याच्या काटेकोरपणाने केली. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. व्हिसा शेंगेनचाच लागतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा काढावा लागतो. चलन मात्र युरो नव्हे, नॉर्वेजियन क्रोन. व्यवहार जवळजवळ सारे कार्डावर चालतात. नोटांची जुडी तशीच परत येते.

खरी अडचण शिदोरीची. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेण्यास मनाई आहे. आजींनी तुपातले लाडू वळून डबे भरले होते; निघण्याच्या आदल्या रात्री ते बाहेर काढून शेजाऱ्यांना वाटावे लागले. बटाटे नेण्यासही बंदी आहे. ती मात्र या घराला जाचक वाटण्याचे कारण नव्हते. तेलावर भाजलेले खाकरे, मूगडाळ, तांदूळ, भाजलेले पोहे, हळद आणि मसाले एवढे सामान नेले. सोबत लहानशी विजेची किटली होती. तेथे नळाचे पाणी सर्वत्र पिण्याजोगे असते, परंतु आजींना पाणी उकाळूनच लागे, आणि प्रत्येक हॉटेलात किटली असतेच असे नाही. दोन गोल पिनांचे आपले चार्जर तेथे चालतात. तीन पिनांच्या उपकरणाला जोड न्यावी.

नातीने स्वयंपाकघर असलेले घर आठवड्यांच्या हिशेबाने भाड्याने घेऊन ठेवले होते. जैन कुटुंबाला हॉटेलपेक्षा हेच सोयीचे. रविवारी बहुतेक मोठी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच भाजी आणून ठेवावी. वेष्टनावरील घटकांच्या यादीत अंडे, मासे, दूध हे शब्द ठळक छापलेले असतात, कारण काहींना त्यांचे वावडे असते. कांदा, बटाटा, गाजर मात्र ठळक नसतात. यादी शेवटपर्यंत वाचावी लागते. गोळ्या-मिठायांत जिलेटिन असते, चीजमध्ये पुष्कळदा प्राणिज रेनेट असते. पहिल्याच दिवशी फोडणी दिली, तेव्हा धुराची घंटा घरभर घणघणली. त्यानंतर खिडकी उघडून, मंद आचेवर फोडणी होऊ लागली. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. तेथील दुलया आणि उशा बहुधा बदकांच्या पिसांनी भरलेल्या असतात. मागितल्यास कृत्रिम धाग्यांच्या मिळतात. गरम कोट घेतानाही हे पाहावे.

बर्गन हे पावसाचे शहर. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. रेनकोट, लोकरीचे मोजे आणि एकावर एक घालण्याजोगे कपडे हवेत. जूनमध्येही दुपारचा पारा पुष्कळदा पंधरा अंशांच्या आसपासच असतो.

एके दिवशी चौघे फ्लॉमला गेले. बर्गनहून आगगाडीने मिर्दालपर्यंत जावे. तेथून निघणारी फ्लॉमची छोटी रेल्वे वीस किलोमीटरांत आठशेहून अधिक मीटर खाली उतरते. पुढे बोट नेरोय फ्योर्डातून जाते. काळ्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे पाहताना आजी बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. 2005 साली हा फ्योर्ड जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. परतीच्या वाटेवर बसला उशीर झाला. डबा दुपारीच संपला होता. घरी पोहोचेपर्यंत आठ वाजले. बाहेर मात्र दुपारसारखा लख्ख उजेड.

नातीने घाईघाईने खिचडी टाकली. "आजी, सूर्य अजून तीन तास आहे. आज एक दिवस घ्या."

"साडेसहा वाजून गेले, बाळ," आजी म्हणाल्या. त्यांनी पाणीही घेतले नाही.

मुलगा आणि नातू जेवून झोपी गेले. नात मात्र ताटाशी बसून राहिली. काही वेळाने ती म्हणाली, "आजी, तुम्हाला उन्हाळ्याची काळजी वाटली. हिवाळ्याचे कुणी विचारलेच नाही. डिसेंबरात इथे सूर्य साडेतीनला मावळतो. मी चारला सुटते. तीन हिवाळे झाले, माझा चौविहार मोडला आहे. घरी सांगायचे धाडस झाले नाही."

आजी गप्प राहिल्या. साडेसहाचे घड्याळ त्यांनी स्वतःसाठी ठरवले होते, ते सूर्यापेक्षा कडक होते. तेच घड्याळ डिसेंबरात नातीच्या हाती दिले, तर ते सूर्यापेक्षा तीन तास सैल ठरणार होते. त्यांनी रागावणे टाळले, आणि "चालते" असेही म्हटले नाही. त्या रात्री बर्गनची मावळती पाहण्यासाठी दोघी अकरापर्यंत खिडकीत बसल्या.

सकाळी नवकारशीनंतर आजींनी विचारले, "कार्यालयात तीन वाजता डबा उघडता येईल?"

नातीने विचार केला. तेथील लोक दुपारचा डबा साडेअकराच्या सुमारास खातात आणि दिवसाचे मुख्य जेवण चार-पाच वाजता घेतात. तीन वाजता दहा मिनिटे उठणे अशक्य नव्हते. पण बैठका असत. "रोज नाही जमणार," ती म्हणाली.

"रोजचे म्हणून मोडण्यापेक्षा जमतील तेवढेच दिवस धर. आठम आणि चौदस. पण पच्चक्खाण घेऊन धर, आणि उरलेल्या दिवसांचे माझ्यापासून लपवू नकोस. खाते तोट्यात असले तरी उघडे असावे."

परतीच्या सामानात खाकऱ्यांचे डबे रिकामे होते. किटली मात्र आजींनी नातीकडेच ठेवली.

डिसेंबरात, एका चौदशीच्या संध्याकाळी, बार्शीत आजींचा चौविहार केव्हाच झाला होता. पावणेआठ वाजता मुलाच्या फोनवर छायाचित्र आले: कार्यालयाचे मेज, खिडकीबाहेर करडा उजेड, आणि पुसून ठेवलेला रिकामा डबा. बर्गनमध्ये तेव्हा सव्वातीन वाजले होते. आजींनी ते दोनदा पाहिले आणि सामायिकाला बसल्या.